टायमिंग चेन बदल, १.२ लिटर पेट्रोल इंजिन: प्रकल्प नोंदी

इंजिन आडवं बसवलेलं, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, हेडवर दोन कॅमशाफ्ट, इनटेक कॅमवर व्हीव्हीटी (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा). क्रँकचं स्प्रॉकेट १८ दात्यांचं, कॅमची दोन्ही ३६ दात्यांची. क्रँकच्या जोरावर कॅम फिरवणारी चेन १२८ कड्यांची, पिच (दोन सांध्यांमधलं अंतर) ८ मिमी. इंजिन गाडीतच ठेवून, हेड न काढता काम करायचं आहे. बोल्ट कसण्याचे आकडे या इंजिनाचे आहेत. दुसऱ्या इंजिनासाठी त्याचीच दुरुस्ती पुस्तिका उघडावी.

१ फेब्रुवारी, शनिवार

गाडी रात्रभर उभी राहिली की पहिल्या स्टार्टला बेल्टच्या बाजूने तीनेक सेकंद खडखड येते आणि मग थांबते. चेक इंजिनचा दिवा पेटलेला. स्कॅनरवर पी००१६, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. हा कोड दिसला की चेन गेली असं धरून चालणं घाईचं आहे. व्हीव्हीटीचा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह गाळाने अडकला, कॅम सेन्सर बिघडला किंवा क्रँक सेन्सरची दातेरी चकती सरकली, तरी हाच कोड येतो.

आवाजाचंही तेच. चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरमधलं ऑइल रात्रीतून खाली उतरतं आणि प्रेशर येईपर्यंत चेन ढिली राहते. ऑइल फिल्टरमधली रबरी झडप कडक झाली असेल तर उभ्या गाडीत फिल्टरही रिकामा होतो, प्रेशर उशिरा येतं आणि धडधाकट चेनसुद्धा वाजते. म्हणून आधी ऑइल आणि फिल्टर बदलला. आज त्यानंतरची तिसरी सकाळ, खडखड तशीच आहे. हे अर्ध्या तासाचं काम वगळून थेट कव्हर उघडायला जाऊ नये.

कंट्रोल व्हॉल्व्ह काढून पाहिला. जाळीत थोडा गाळ होता, तो धुतला. कॉइलचा रोध ७.४ ओहम, १२ व्होल्ट क्षणभर लावले की आतला स्पूल टक् करून सरकतो आणि परत येतो. व्हॉल्व्ह ठीक. कॅम सेन्सरचा सिग्नल स्वच्छ. इंजिन गरम करून आयडलवर इनटेक कॅमचं स्थान पाहिलं तर क्रँकच्या हिशेबात ९ अंश मागे.

शेवटची तपासणी टेन्शनरची. या इंजिनाच्या पुढच्या कव्हरवर एक लहान प्लग आहे. तो काढला की टेन्शनरचा दट्ट्या आणि त्यावरच्या रॅचेटच्या खाचा दिसतात. ११ खाचा बाहेर आल्या आहेत. नव्या चेनवर ३ असतात. खाचांमधलं अंतर २ मिमी, म्हणजे दट्ट्या १६ मिमी पुढे सरकलाय. कव्हर उघडायचं हे नक्की.

२ फेब्रुवारी, रविवार

सुटे भाग: चेन, टेन्शनर, ताणाच्या बाजूची स्थिर गाइड पट्टी, ढिल्या बाजूची हलणारी गाइड पट्टी, दोन कॅमच्या मधली छोटी पट्टी, तिन्ही स्प्रॉकेट (इनटेकचं व्हीव्हीटीसकट), क्रँकचं पुढचं ऑइल सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, स्पार्क प्लगच्या नळ्यांची चार सीलं, कंट्रोल व्हॉल्व्हची ओ-रिंग, क्रँक पुलीचा बोल्ट, व्हीव्हीटीचा बोल्ट, सिलंट. ऑइल दोन वेळचं, कारण पहिलं ५०० किलोमीटरलाच काढून टाकायचं आहे. इथे एकदा ३.५ लिटर लागतं, म्हणून ७ लिटर आणि दोन फिल्टर. वॉटर पंप कव्हरवरच बसतो, त्यामुळे कुलंटही उतरवावं लागणार.

स्प्रॉकेट जुनी ठेवून फक्त चेन बदलणं हे अर्धं काम. ३००० आरपीएमला क्रँक स्प्रॉकेटचा प्रत्येक दाता मिनिटाला ३००० वेळा कडी पकडतो. चेनची एकेक कडी मात्र त्याच मिनिटात ४२२ वेळाच क्रँकवर येते, कारण १८ गुणिले ३००० भागिले १२८. म्हणजे क्रँकचा दाता सातपट जास्त राबतो. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घातली तर ती पहिल्या दिवसापासून जुन्या पिचशी झगडत राहते.

नवी चेन पाकिटातून काढून कड्या मोजल्या. १२८ भरल्या. पिवळी कडी एक, क्रँकसाठी. निळ्या दोन, कॅमसाठी, त्यांच्या मध्ये १४ कड्या. कागदावर चित्र काढून हे आकडे लिहून ठेवलेत. स्प्रॉकेटचे दातेही मोजले. दिसायला सारख्या पण एका दात्याने वेगळ्या वस्तू पाकिटात निघू शकतात, आणि ते इंजिन उघडून बसल्यावर कळलं तर सगळं तसंच पडून राहतं.

हत्यारांत टॉर्क पाने दोन हवेत: ५ ते २५ न्यूटन-मीटरचा आणि २० ते २०० चा. मोठ्या पान्यावर १० न्यूटन-मीटर लावणं म्हणजे अंदाजपंचे. त्याशिवाय क्रँक पुली धरायचा दांडा, मीटरभर लांबीचा पाइप, पुली ओढायचा पुलर, २ मिमीची पिन, प्लॅस्टिकचे खरवडे आणि इंजिन वरून टांगायचा आडवा बार.

८ फेब्रुवारी, शनिवार

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. गाडी जॅकवर उचलून दोन्ही बाजूंना स्टँड लावले, मग हाताने जोरात हलवून पाहिली. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. बेल्टच्या बाजूचं पुढचं चाक आणि आतलं प्लॅस्टिक काढलं. ऑइल आणि कुलंट स्वच्छ भांड्यांत उतरवलं. ऑइल जुन्या बनियनच्या कापडातून गाळलं, तेव्हा कापडावर तपकिरी प्लॅस्टिकचे तांदळाएवढे दोन कण राहिले. गाइड पट्टी तुटली असण्याची ही पहिली खूण.

अल्टरनेटरचा बेल्ट, अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची पुली काढली.

इंजिन पेलण्याबद्दल: चेंबरखाली (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) लाकूड ठेवून जॅक लावतात, पण इथे चेंबरच काढायचं आहे. म्हणून बॉनेटखाली दोन्ही फेंडरच्या आतल्या कडांवर आडवा बार ठेवून हेडच्या हुकाला टांगलं. नेमका किती ताण द्यायचा ते माउंटिंगचे बोल्टच सांगतात. सैल केल्यावर ते बोटांनी फिरू लागले की वजन बरोबर पेललं गेलंय. बोल्ट अडकून येत असेल तर इंजिन वर किंवा खाली ओढलं जातंय, बारचा नट अर्धा आटा फिरवून पुन्हा पाहायचं. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. माउंटिंग बाहेर.

९ फेब्रुवारी, रविवार: क्रँक पुलीचा बोल्ट

आजचा दिवस या एका बोल्टचा.

हा बोल्ट डावीकडे फिरवून सुटतो आणि पुली नीट धरली नाही तर क्रँकही उलटा फिरतो. क्रँक उलटा फिरला की ताणाच्या बाजूला ढील येते आणि टेन्शनरच्या बाजूवर सगळा जोर पडतो. थकलेल्या टेन्शनरवर चेन दाता सोडू शकते, आणि या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हला लागतो. म्हणून पुली दांड्यानेच धरायची. गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबला तरी रबरी माउंटिंग आणि ड्राइव्हशाफ्ट लवचीक असतात, क्रँक थोडा मागे येतोच. बोल्टला पाना अडकवून स्टार्टर मारायची युक्ती मुळीच नको. पाना सुटला तर हात किंवा रेडिएटर, काहीतरी फुटणार.

दांडा पुलीच्या दोन भोकांत बसवून दुसरं टोक जमिनीवरच्या लाकडाला टेकवलं. बोल्टवर १९ ची सहा कोनी गोटी घातली. बारा कोनी गोटी इथे डोकं गोल करते. मीटरभर पाइपच्या टोकाला २५ किलोचा भार दिला की साधारण २४५ न्यूटन-मीटर होतात. तेवढ्यावर हलला नाही. धक्के न देता एकसारखा जोर वाढवत नेला, आणि ४० किलोच्या आसपास एकदा मोठा कट् आवाज होऊन सुटला. गरम करायचं टाळलं, कारण मागे सील आणि पुलीचं रबर आहे.

इथे क्रँकवर चावी (स्प्रॉकेट क्रँकवर फिरू न देणारा लोखंडी तुकडा) आहे, म्हणून बोल्ट सुटला तरी स्प्रॉकेट जागेवर राहतं. काही इंजिनांत चावीच नसते, पुली आणि स्प्रॉकेट नुसत्या बोल्टच्या दाबावर घट्ट राहतात. तिथे हा बोल्ट सैल करताक्षणी टायमिंग मोकळं होतं. तसं इंजिन असेल तर आधी क्रँक आणि कॅम अडकवायच्या पिना बसवाव्यात. त्या पिना जागा धरण्यासाठी असतात, बोल्ट कसताना जोर झेलण्यासाठी नव्हे.

पुली पुलरने मधल्या लोखंडी भागाच्या आट्यांत धरून ओढली. बाहेरच्या कड्याला पट्टी घालून उचकटलं तर मधलं रबर सुटतं. बोल्ट परत हाताने लावून ठेवलाय, पुढे इंजिन फिरवायला लागेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

इग्निशन कॉइल आणि स्पार्क प्लग काढले. प्लगच्या भोकांत कापड कोंबलं. टॅपेट कव्हरचे बोल्ट बाहेरून आत असे थोडेथोडे सैल करत काढले.

क्रँक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत एक नंबरचा पिस्टन वर आणला. पुलीची खूण वर येणं पुरेसं नाही, कारण ती प्रत्येक फेऱ्यात येते. एक नंबरच्या दोन्ही कॅमचे लोब (व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे) बाहेरच्या बाजूला तोंड करून असले, म्हणजे व्हॉल्व्ह मोकळे असले, तरच तो कॉम्प्रेशनचा टॉप. लोब आत वळलेले असतील तर आणखी एक पूर्ण फेरा. खूण चुकून थोडी पुढे गेली तर उलटं न फिरवता परत दोन फेरे मारून यायचं. मग चारही बाजूंनी फोटो.

आधी चेंबर, मग पुढचं कव्हर, कारण कव्हरची खालची कड चेंबरवर सिलंटने चिकटलेली असते. चेंबरचे बोल्ट काढून पातळ पात्याने कडेकडेने सिलंट कापलं. पेचकस घालून उचकटलं असतं तर अॅल्युमिनियमवर खोल ओरखडा पडला असता आणि तिथून ऑइल झिरपत राहिलं असतं.

चेंबरच्या तळाशी प्लॅस्टिकचे दोन मोठे तुकडे मिळाले, एक ३१ मिमी, दुसरा १८ मिमी. शिवाय जुन्या सिलंटचे दोऱ्यासारखे पापुद्रे. पूर्वी कधीतरी चेंबर काढून सिलंटचा जाड थर लावला गेला होता आणि जास्तीचं आतल्या बाजूला दबून आलं होतं. ते सुटून पंपाच्या जाळीकडे जातं. तुकडे धुऊन डबीत ठेवले.

पुढच्या कव्हरला १९ बोल्ट, लांबी चार प्रकारची. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढला, प्रत्येक बोल्टच्या जागी भोक पाडलं आणि बोल्ट त्यातच खोचत गेलो. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो. टॉर्क पाना वाजतो, पण कव्हर दाबलेलंच नसतं. एक एम६ बोल्ट वॉटर पंपाजवळ अडून आला आणि त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमची तार गुंडाळलेली होती. ते भोक नंतर दुरुस्त करायचं. कव्हर बाहेर आलं.

१६ फेब्रुवारी, रविवार: मोजमाप

चेन काढण्यापूर्वी टेन्शनर. दट्ट्या दाबून पिन घातली, दोन बोल्ट सोडले. हलणारी पट्टी, मग चेन, मग स्थिर पट्टी. चेन निघाल्यापासून कॅम किंवा क्रँक कशालाही पाना लावायचा नाही. इनटेक कॅम स्प्रिंगच्या जोराने किंचित फिरलाच, दीडेक अंश. एवढं चालतं. जास्त फिरवावं लागणार असेल तर आधी क्रँक ९० अंश मागे आणावा, म्हणजे चारही पिस्टन मध्यावर येतात आणि व्हॉल्व्ह कुठेच लागत नाहीत.

चेन ताणली गेली असं आपण म्हणतो, पण पोलाद ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश झिजतात आणि ते सगळे सूक्ष्म फरक जमा होतात. जुनी आणि नवी चेन एकाच गोल दांड्यावर शेजारी टांगून, खाली सारखंच वजन अडकवून मोजली. जुनी ३ मिमी खाली उतरते. चेन दुहेरी लोंबत असल्याने एकूण फरक ६ मिमी. १०२४ मिमी लांबीवर ०.५९ टक्के, दर सांध्याला ०.०४७ मिमी. चेन हातात धरून हे कधीच कळलं नसतं.

आता हे स्कॅनरशी ताडून पाहू. पुढून पाहिलं तर क्रँक उजवीकडे फिरतो, म्हणून उजवी बाजू ताणाची. त्या बाजूने क्रँकपासून एक्झॉस्ट कॅमपर्यंत ४३ कड्या, आणि एक्झॉस्टवरून पलीकडे इनटेकपर्यंत ६६. इनटेकसाठी ६६ गुणिले ०.०४७, म्हणजे ३.१ मिमी. कॅम स्प्रॉकेटचा घेर ३६ गुणिले ८, म्हणजे २८८ मिमी. तेव्हा कॅम ३.९ अंश मागे, क्रँकच्या हिशेबात ७.७. स्कॅनर ९ दाखवत होता. उरलेला सव्वा अंश झिजलेले दाते आणि तुटलेली पट्टी यांच्यात सहज बसतो. हिशेब जुळला याचं समाधान मोठं आहे, कारण आता दुसरा दोष लपलेला असण्याची शक्यता कमी झाली. एक्झॉस्ट कॅम याच हिशेबाने फक्त ५ अंश मागे पडतो. चेनच्या वाटेवर शेवटी असणाऱ्या कॅमला सगळ्यात जास्त फटका बसतो.

ढील फक्त ६ मिमी आणि दट्ट्या १६ मिमी पुढे कसा, हा प्रश्न पडू शकतो. टेन्शनर चेनला लांबीच्या दिशेने ओढत नाही, आडवा ढकलतो. आडवं ढकलून ६ मिमी ढील खायला त्याला बरंच जास्त अंतर जावं लागतं. म्हणूनच प्लगमधून खाचा मोजणं ही इतकी बोलकी तपासणी आहे.

जुन्या चेनची एक कडी ग्राइंडरने घासून पिन बाहेर काढली. एका बाजूला आरशासारखा चकचकीत खड्डा, नखाला पायरी लागते. मायक्रोमीटरवर न झिजलेल्या टोकापेक्षा मधला भाग ०.०२ मिमीने कमी, बाकीची झीज बुशच्या भोकात. अशी एकसारखी गुळगुळीत झीज म्हणजे काजळीने भरलेलं ऑइल, वर्षानुवर्षं बारीक पॉलिश पेपरसारखं चाललेलं. चेनवर ऑइलचा जो पातळ थर असतो तेच तिचं बेअरिंग. ऑइल बदलायला उशीर झाला की त्याची किंमत पहिली चेन भरते.

स्थिर पट्टीचं वरचं टोक तुटलंय. डबीतले दोन तुकडे लावून पाहिले. ३१ अधिक १८, तरी १२ मिमीची फट उरते. एक तुकडा अजून इंजिनात आहे. तो मिळेपर्यंत नवीन काहीही बसवायचं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार, रात्री

ऑइल पंपाची सक्शन जाळी सोडवली. खालून पाहिली तर एक तृतीयांश भाग सिलंटच्या पापुद्र्यांनी झाकलेला, तुकडा दिसत नाही. जाळीवर पत्र्याची टोपी आहे, आत नजर पोचत नाही. नळी उलटी धरून केरोसीन ओतलं आणि उलट बाजूने हवा मारली. तिसऱ्यांदा तपकिरी तुकडा टोपीच्या फटीतून निसटला, १२ मिमीचा. पट्टीवर लावला, कडा तंतोतंत जुळली. जाळी पुन्हा धुऊन प्रकाशासमोर धरली, सगळी भोकं मोकळी.

थंड स्टार्टची खडखड लांबण्यात या तुंबलेल्या जाळीचाही हात असणार. चेंबर न काढता चेन बदलली असती तर नवा टेन्शनरही ऑइलसाठी तहानलेला राहिला असता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सफाई. इंजिनच्या सगळ्या उघड्या जागांत कापडं कोंबली, पाच, आणि तो आकडा भिंतीवर खडूने लिहिला. सिलंट प्लॅस्टिकच्या खरवड्याने आणि सॉल्व्हंटने काढलं. ग्राइंडरवरची खरखरीत चकती वापरायचा मोह होतो. तिच्यातून उडणारे कण अॅल्युमिनियम ऑक्साइडचे असतात, ऑइलमध्ये विरघळत नाहीत आणि बेअरिंगमध्ये रुतून बसतात. वेळ लागतो, पण हातानेच. शेवटी पांढरं कापड फिरवून ते पांढरंच राहीपर्यंत.

खराब झालेलं एम६ भोक: ६.३ मिमी ड्रिलने मोठं केलं, हेलिकॉइलचा खास टॅप फिरवला, स्प्रिंगसारखा इन्सर्ट पृष्ठभागाच्या अर्धा आटा खाली बसेपर्यंत घातला, त्याची शेपटी तोडून चिमट्याने बाहेर काढली. ड्रिलच्या आणि टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं होतं, बुरा त्यालाच चिकटून आला. कापडं काढली, पाच.

पुढचं सील कव्हरमध्ये बसवलं. सपाट लाकडाने कडेशी समपातळीत, ओठाला इंजिन ऑइल. कोरडं सील पहिल्या स्टार्टलाच जळतं.

२३ फेब्रुवारी, रविवार: नवी चेन

व्हीव्हीटी स्प्रॉकेट बसवण्यापूर्वी हाताने पिळून पाहिलं. पूर्ण रिटार्डला (सगळ्यात मागच्या स्थितीत) लॉक असायला हवं, जराही हलता कामा नये. लॉक नसताना बसवलं तर सगळ्या खुणा जुळूनही टायमिंग चुकतं. नवा बोल्ट हलका लावला. कसताना कॅमचा षटकोनी भाग पान्याने धरायचा, चेनवर किंवा स्प्रॉकेटवर जोर कधीच नाही. आधी ३० न्यूटन-मीटर, मग ६० अंश. एक्झॉस्टचंही तसंच.

स्थिर पट्टी बसवली, बोल्ट १० न्यूटन-मीटर. चेन नव्या ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवली होती. पिवळी कडी क्रँकच्या खुणेवर, मग ताणाच्या बाजूने ढील न ठेवता वर एक्झॉस्टच्या खुणेवर पहिली निळी, पुढे इनटेकवर दुसरी. इनटेक कॅम दीड अंश फिरला होता, षटकोनावर पाना लावून तेवढाच परत आणला, तेव्हा कडी दात्यावर बसली. सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला गेली पाहिजे. ताणाच्या बाजूला बोटाने दाबून चेन हलत असेल तर काहीतरी एक दाता चुकलंय.

हलणारी पट्टी, टेन्शनर (त्यात आधी ऑइल भरून), बोल्ट. कड्या पुन्हा मोजल्या, कागदावरच्या आकड्यांशी ताडल्या आणि मगच पिन ओढली. दट्ट्या टक् करून बाहेर आला. ३ खाचा.

मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे, फक्त उजवीकडे, सावकाश. कुठे कडक अडलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही. अडलं नाही. टॉपला परत आल्यावर रंगीत कड्या खुणांवर नव्हत्या आणि नसतातही. क्रँकच्या एका फेऱ्यात चेन १८ कड्या पुढे सरकते, त्यामुळे तिन्ही रंगीत कड्या पुन्हा एकत्र जागेवर यायला इथे ६४ फेरे लागतात. या टप्प्यावर घाबरून चेन परत सोडायची नाही. पाहायच्या त्या स्प्रॉकेटवरच्या खुणा. त्या हेडच्या वरच्या कडेवर पट्टी ठेवून तपासल्या. एक दाता म्हणजे स्प्रॉकेटच्या घेरावर ८ मिमी आणि क्रँकचे २० अंश. अर्ध्या मिलिमीटरचा फरक दिसला तर तो दाता चुकल्याचा नसतो.

कव्हर. सॉल्व्हंटने शेवटचं पुसून ३ मिमीची सिलंटची रेघ, बोल्टच्या भोकांना आतून वळसा घालून. हेड, ब्लॉक आणि कव्हर जिथे मिळतात त्या दोन कोपऱ्यांत थोडं जास्त, ऑइल गळायचं तर तिथूनच गळतं. सिलंट लावल्यापासून पाच मिनिटांत कव्हर सरळ आत न्यायचं, सरकवायचं नाही. बोल्ट मधून बाहेर, दोन टप्प्यांत: एम६ ला १०, एम८ ला २५ न्यूटन-मीटर. तासाभराने चेंबर, रेघ तेवढीच, पंपाची जाळी नव्या ओ-रिंगसह आधीच बसवलेली.

पुली, नवा बोल्ट, आधी ५० न्यूटन-मीटर, मग ९० अंश. अंशांसाठी पुलीवर आणि गोटीवर रंगाची रेघ मारली. दांड्यानेच पुली धरली.

१ मार्च, शनिवार

माउंटिंग, अल्टरनेटर, बेल्ट, टॅपेट कव्हर जागेवर. माउंटिंग पूर्ण कसल्यावरच वरचा बार सोडला. ऑइल ३.५ लिटर, त्यातलं अर्धा लिटर टॅपेट कव्हर लावण्याआधी कॅम आणि चेनवर ओतलं होतं.

प्लग बाहेरच ठेवून, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून स्टार्टर मारला, दहा दहा सेकंद, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. तिसऱ्या वेळी ऑइलचा दिवा विझला. मग प्लग, कॉइल, कनेक्टर लावून स्टार्ट. दोन सेकंद कुरकुर, मग एकसारखं आयडल. पहिल्या स्टार्टला एवढा आवाज येतो, टेन्शनरमधली हवा निघून जात असते. पाच सेकंदांच्या पुढे गेला तर लगेच बंद करावं.

कुलंट भरलं, हवा काढायचा स्क्रू उघडा ठेवून, हीटर गरम येईपर्यंत. फॅन दोनदा लागून बंद झाला. टॉर्च लावून दोन्ही कोपरे पाहिले, कोरडे. कोड पुसला. गरम इंजिनवर इनटेक कॅम अर्धा अंश मागे, म्हणजे मोजमापाच्या मर्यादेतच. काही गाड्यांना चेन बदलल्यावर स्कॅनरमधून क्रँक सेन्सरचं री-लर्न (त्याचा संदर्भ कॉम्प्युटरला पुन्हा शिकवणं) करावं लागतं. ते राहिलं तर इंजिन ठीक असूनही मिसफायरचे कोड येत राहतात. इथे केलं, स्वीकारलं.

१६ मार्च, रविवार: ५०० किलोमीटर

ऑइल काढलं. फिल्टर पत्र्याच्या कातरीने कापून कागद उलगडला आणि उन्हात धरला. सिलंटचे तीन बारीक पापुद्रे, एक तपकिरी कण, धातूची चमक नाही. ड्रेन बोल्टवर चुंबक फिरवल्यावर राखाडी पेस्टचा पातळ थर, बोटांत चुरगळला तर खर लागत नाही. नवा फिल्टर, नवं ऑइल ३.५ लिटर.

कव्हरचा प्लग काढून दट्ट्या पाहिला, ३ खाचा. सकाळच्या थंड स्टार्टला आवाज नाही. पी००१६ परत आलेला नाही. कव्हरच्या प्लगला नवी वॉशर, ३० न्यूटन-मीटर.